लाकूड जाळणाऱ्या इन्सर्टला लवचीक लायनर जोडताना: कॉलरपासून टोपीपर्यंत

अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत, विशेषतः मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, न्यू यॉर्क आणि पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या वस्त्यांत, घर विकत घेतलेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या दिवाणखान्यात विटांची मोठी फायरप्लेस असते. ती दिसायला देखणी असली तरी घर तापवण्याच्या कामी ती फारशी येत नाही, कारण उघड्या आगीची बहुतेक उष्णता चिमणीवाटे निघून जाते आणि जाताना घरातली तापलेली हवाही आपल्याबरोबर ओढून नेते. हिमवादळात वीज गेली की ही उणीव प्रकर्षाने जाणवते. त्यावरचा उत्तम उपाय म्हणजे त्याच विटांच्या खोबणीत बसणारा इन्सर्ट, म्हणजेच काचेचे बंद दार असलेली पोलादी किंवा बिडाची लाकडाची शेगडी.

इन्सर्ट निवडताना लोक महिनोन्‌महिने विचार करतात, पण त्याला जोडायच्या नळीचा, म्हणजे लायनरचा, विचार शेवटच्या आठवड्यात होतो. वास्तविक इन्सर्ट कितीही चांगला असला तरी त्याची सुरक्षितता आणि कामगिरी ठरते ती त्या नळीवर. इन्सर्टच्या माथ्यावरच्या कॉलरपासून, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या गोल तोंडापासून, छतावरच्या टोपीपर्यंत धुराचा मार्ग कुठेही न तुटता, कुठेही न गळता आणि शक्य तितका उबदार राहून गेला पाहिजे. पुढची प्रत्येक पायरी या एका अटीतून आलेली आहे.

हे काम स्वतः करणारे घरमालक आहेत आणि बऱ्याच गावांत त्याला परवानगीही मिळते. मात्र त्यासाठी गावाच्या बिल्डिंग डिपार्टमेंटकडून परमिट घ्यावे लागते, काम झाल्यावर निरीक्षकाकडून तपासून घ्यावे लागते आणि घराच्या विमा कंपनीला कळवावे लागते. छताचा उतार तीव्र असेल किंवा उंचीवर काम करण्याची सवय नसेल, तर वरचे काम प्रमाणित चिमणी-व्यावसायिकाकडे द्यावे. त्या परिस्थितीतही पुढचे तपशील माहीत असणे उपयोगाचे ठरते, कारण ज्याला काय पाहायचे ते ठाऊक आहे, त्याच्या घरी काम नीट होते.

नुसता आत सरकवलेला इन्सर्ट धोकादायक का

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत लाकडाच्या शेगड्यांची मागणी एकदम वाढली. त्या काळात असंख्य इन्सर्ट फायरप्लेसमध्ये नुसते सरकवले गेले आणि त्यांना नळी जोडलीच गेली नाही. धूर इन्सर्टच्या तोंडातून फायरप्लेसच्या पोकळीत येई आणि तिथून आपली वाट शोधत वर जाई. जुन्या घरात असा इन्सर्ट आढळला, तर तो पेटवण्यापूर्वी बाहेर काढून त्याची जोडणी तपासणे हे पहिले काम.

या पद्धतीत काय बिघडते ते आकड्यांवरून स्पष्ट होते. बहुतेक आधुनिक इन्सर्टची कॉलर ६ इंच व्यासाची असते, म्हणजे धूर बाहेर पडण्याची जागा सुमारे २८ चौरस इंच. जुन्या चिमणीत भाजलेल्या मातीच्या टाइल्सचा चौकोनी धूरमार्ग असतो. ज्याला बाजारात ८ बाय १३ म्हणतात, त्याची आतली मोकळी जागा साधारण ७ बाय साडेअकरा इंच, म्हणजे ८० चौरस इंच भरते. अमेरिकेतील अग्निसुरक्षेचे मानक, एनएफपीए २११, असे सांगते की धूरमार्गाचे क्षेत्रफळ कॉलरच्या तिपटीहून अधिक नसावे, आणि चिमणीची एखादी बाजू छताखालीही बाहेरच्या हवेला उघडी असेल तर दुपटीहून अधिक नसावे. बाहेरच्या भिंतीवरच्या चिमणीत २८ चे दुप्पट म्हणजे ५६ चौरस इंच, आणि आपला मार्ग ८० चा. येथेच नियम मोडला.

या नियमामागे साधे भौतिकशास्त्र आहे. कार्यक्षम इन्सर्ट उष्णता घरात ठेवतो, म्हणून त्याचा धूर उघड्या आगीच्या धुरापेक्षा कमी तापलेला आणि कमी प्रमाणात असतो. तो रुंद, थंड विटांच्या मार्गात शिरला की पसरतो, मंदावतो आणि निवतो. धुराचे तापमान सुमारे २५० अंश फॅरनहाइटच्या खाली गेले की त्यातली वाफ आणि डांबरी द्रव्ये भिंतीवर जमू लागतात. हेच क्रिओसोट. ते पेटले तर चिमणीच्या आत २,००० अंशांच्या आसपास तापमान जाऊ शकते, आणि तडकलेल्या टाइल्समधून ती आग भिंतीतल्या लाकडी चौकटीपर्यंत पोहोचते. कॉलरच्याच व्यासाचा, वरपर्यंत अखंड जाणारा लायनर धुराला वेगाने आणि गरम अवस्थेत बाहेर नेतो. शिवाय साफसफाईच्या वेळी वरून ब्रश घातला की सगळी काजळी थेट इन्सर्टच्या पोटात पडते आणि ४०० पौंडांची शेगडी दरवर्षी बाहेर ओढावी लागत नाही.

खरेदीपूर्वी चिमणीची परीक्षा

सर्वांत आधी आपली फायरप्लेस खरोखर विटांची आहे की कारखान्यात बनवलेली पत्र्याची आहे, हे पाहावे. दुसऱ्या प्रकारात आतल्या भिंती विटांसारख्या दिसत असल्या तरी मागे पत्रा असतो आणि चिमणी म्हणजे लाकडी खोक्यातून वर जाणारी धातूची नळी असते. अशा फायरप्लेसमध्ये कोणता इन्सर्ट चालतो आणि तिच्यात किती फेरफार करता येतो हे दोन्ही उत्पादकांच्या पुस्तिकांवर अवलंबून असते. तिथे डँपर, म्हणजे धूरमार्गाच्या गळ्यातली झडप व तिची चौकट, कापणे किंवा पत्रा छेदणे धोक्याचे आहे. हा लेख विटांच्या चिमणीपुरता आहे.

एनएफपीए २११ मध्ये तपासणीच्या तीन पातळ्या आहेत. घर विकत घेताना किंवा चिमणीला नवे उपकरण जोडताना दुसऱ्या पातळीची तपासणी सांगितली आहे. तिच्यात धूरमार्गात कॅमेरा सोडून टाइल्सचे सांधे, तडे आणि आतले वाकण पाहिले जाते. पोटमाळा आणि तळघर यांतून चिमणी व लाकडी चौकट यांच्यातले अंतरही पाहिले जाते. आजच्या बांधकाम नियमांनुसार घराच्या आत असलेल्या चिमणीपासून लाकूड २ इंच आणि बाहेरच्या भिंतीवरच्या चिमणीपासून १ इंच दूर हवे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या घरांत हे अंतर अनेकदा पाळलेले नसते आणि लाकूड थेट विटांना टेकलेले आढळते. लायनरला उष्णतारोधक वेष्टन हवे की नको या प्रश्नाचे निम्मे उत्तर याच पाहणीतून मिळते.

त्याच भेटीत चिमणी पूर्ण साफ करून घ्यावी. जुने क्रिओसोट तसेच ठेवून त्यात लायनर सोडणे म्हणजे ज्वलनशील थर नळीच्या बाहेरच्या अंगाला कायमचा कोंडून ठेवणे होय, कारण पुन्हा तिथे ब्रश पोहोचत नाही. काचेसारखा चकाकणारा कडक थर असेल तर साध्या ब्रशने तो निघत नाही. त्यासाठी फिरत्या साखळीचे यंत्र किंवा रासायनिक उपचार लागतो आणि ते काम व्यावसायिकाचेच. तेलावरची भट्टी किंवा पाणी तापवण्याचे उपकरण त्याच धूरमार्गात सोडलेले असेल तर तो मार्ग इन्सर्टला वापरता येत नाही, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

माप, धातू आणि वेष्टन

लायनरचा व्यास इन्सर्टच्या पुस्तिकेत सांगितला असेल तोच घ्यावा. कॉलर ६ इंचांची असेल तर लायनर ६ इंचांचा. ‘साडेपाच इंचांचा सहज बसतो’ असे दुकानदाराने सांगितले तरी उत्पादकाने लेखी परवानगी दिली असेल तरच तो विचार करावा. पुस्तिकेत चिमणीची किमान उंचीही दिलेली असते. अनेक इन्सर्टना सुमारे १५ फूट लागतात. एकमजली घरात ही अट कधी कधी पूर्ण होत नाही आणि दार उघडताच खोलीत धूर येऊ लागतो.

धातूच्या बाबतीत तडजोड करू नये. गॅसच्या उपकरणांसाठी मिळणारा ॲल्युमिनियमचा लवचीक लायनर स्वस्त असतो, पण लाकडाच्या धुरासाठी तो मुळीच चालत नाही. लाकडासाठी ३०४एल किंवा ३१६टीआय या प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे. खोक्यावर यूएल १७७७ हे प्रमाणन छापलेले असले पाहिजे. कॅनडात राहणाऱ्यांनी यूएलसी एस६३५ पाहावे. लांबी ठरवण्यासाठी गवंड्याचा ओळंबा किंवा वजन बांधलेली मोजपट्टी धूरमार्गाच्या वरच्या तोंडातून खाली, इन्सर्टची कॉलर जिथे येणार त्या उंचीपर्यंत सोडावी, आणि आलेल्या मापात किमान एक फूट वाढवून मागणी नोंदवावी. उरलेला तुकडा कापता येतो. कमी पडलेला वाढवायचा तर मध्ये एक सांधा येतो, आणि प्रत्येक सांधा ही भविष्यातल्या गळतीची जागा असते.

आता वेष्टनाविषयी. सिरॅमिक फायबरचे, बाहेरून चंदेरी फॉइल असलेले अर्धा इंच जाडीचे ब्लँकेट लायनरभोवती गुंडाळतात आणि त्यावर स्टेनलेसची जाळी चढवतात. चिमणीभोवती नियमाप्रमाणे अंतर नसेल, तर बऱ्याच लायनरचे प्रमाणन अशा वेष्टनासहच लागू होते, म्हणजे तिथे वेष्टन सक्तीचे ठरते. अंतर पुरेसे असेल तिथे काही उत्पादक वेष्टनाशिवाय परवानगी देतात. तरीही बाहेरच्या भिंतीवरच्या चिमणीत मी वेष्टनाशिवाय लायनर टाकू नये असेच म्हणेन. जानेवारीच्या कडाक्यात विटांची ती चिमणी बर्फासारखी थंड असते, आणि उघडा पातळ पत्रा धुराला तितक्याच लवकर थंड करतो. वेष्टनाचा खर्च एकदाच होतो, पण क्रिओसोटशी गाठ दर हिवाळ्यात पडते.

इथेच मापाची अडचण उभी राहते. ६ इंचांचा लायनर अर्ध्या इंचाच्या वेष्टनासह ७ इंचांच्या पुढे जातो, नळीच्या वळ्या आणि जाळी धरून सव्वासात इंचही भरतो. ८ बाय १३ च्या टाइलची आतली अरुंद बाजू मात्र ७ इंचांचीच असते. कागदावर बसणारी गोष्ट चिमणीत अडकते ती अशी. यावर दोन प्रामाणिक मार्ग आहेत. एक म्हणजे लंबगोल आकाराचा लायनर कारखान्यातून मागवणे, जो टाइलच्या रुंद बाजूला पसरतो. तो घेताना क्षेत्रफळ गोल लायनरइतके राहते की नाही ते उत्पादकाकडून लेखी घ्यावे. दुसरा म्हणजे फिरत्या हत्याराने आतल्या टाइल्स फोडून काढणे. हे काम धुळीचे आणि खर्चाचे असले तरी त्यानंतर वेष्टनासह गोल लायनर मोकळेपणाने उतरतो. वेष्टन सोडून देणे हा तिसरा मार्ग लोक सर्वाधिक निवडतात, पण लाकूड विटांना टेकलेले असेल तर तो मार्ग मुळात खुलाच नसतो.

डँपरची चौकट

फायरप्लेसच्या गळ्यात बिडाची चौकट आणि तिच्यात उघडझाप करणारी झडप असते. झडप काढून टाकावी. उरलेली चौकट अनेकदा पुढून मागे चार-पाच इंचच रुंद असते, त्यामुळे गोल नळी तिच्यातून जात नाही. काही जण नळीच चपटी करून घुसवतात. असे करू नये, कारण चपट्या झालेल्या जागी क्षेत्रफळ घटते, ओढ, म्हणजे धूर वर खेचला जाण्याचा जोर, कमी होते आणि काजळी नेमकी तिथेच साचते. योग्य उपाय म्हणजे चौकटीतून आवश्यक तेवढा तुकडा कापून काढणे. बीड ठिसूळ असल्याने अँगल ग्राइंडरने दोन बाजूंनी खोल चिरा पाडून मधला भाग हातोडीने तोडता येतो. पोलादी चौकट असेल तर ती पूर्ण कापावी लागते. डोळ्यांवर बंद चष्मा, तोंडावर धुळीचा मास्क, हातांत जाड मोजे आणि फायरप्लेससमोर ओले फडके असल्याशिवाय ग्राइंडर चालू करू नये. चौकट ज्या लोखंडी पट्टीवर टेकते ती पट्टी पुढच्या विटांचा भार पेलत असेल, तर तिला हात लावू नये.

लायनर तयार करणे आणि उतरवणे

गुंडाळीतून काढलेला लायनर अंगणात किंवा लांब ओसरीवर सरळ पसरावा. बहुतेक लायनरवर बाण छापलेला असतो. तो कोणत्या दिशेला हवा ते पुस्तिकेत दिलेले असते आणि ते आधीच पाहून वरचे-खालचे टोक रंगीत पट्टीने खुणावून ठेवावे. ब्लँकेटची फॉइलची बाजू बाहेर ठेवून, लांबीच्या दिशेने एकच सांधा येईल असे ते गुंडाळावे. सांध्यावर फॉइलची टेप पूर्ण लांबीभर लावावी. जाळी एका टोकाकडून मोजा चढवतात तशी चढवून, ताणून, दोन्ही टोकांना क्लँपने घट्ट करावी. टाइल्सच्या सांध्यांत बाहेर आलेला चुना-सिमेंटचा कडा ब्लँकेटला ओरबाडतो, आणि ही जाळी त्यापासून ब्लँकेट वाचवते. खालच्या टोकाचे तीन-चार इंच मोकळे ठेवावेत, कारण तिथे जोडणीचा तुकडा बसायचा आहे.

निवांत, कोरडा, वारा नसलेला दिवस निवडावा. लायनरच्या खालच्या टोकाला शंकूच्या आकाराची टोपी बसवून तिला मजबूत दोर बांधतात आणि दोर आधी चिमणीतून खाली सोडतात. वर दोघे असावेत आणि खाली एक. वरचे लायनर सरळ रेषेत आत सोडत जातात आणि खालचा दोराला हलका ताण देत राहतो. नळी अडकली तर जोराने ओढू नये, थोडी वर घेऊन किंचित फिरवून पुन्हा सोडावी. फिरवताना ती वळ्यांच्या सांध्याच्या उलट दिशेला पिळली जाणार नाही याची काळजी घ्यावी, नाही तर सांधे उकलतात. चिमणीत वाकण असेल तर लायनर सावकाश वळवावा. उभ्या रेषेपासून किती अंशांपर्यंत वळण चालते ते उत्पादक सांगतो आणि ती मर्यादा ओलांडू नये. टोक डँपरच्या जागेतून बाहेर आले की वरचे टोक तात्पुरत्या क्लँपने अडकवून ठेवावे. ते अजून कापायचे नाही.

ब्लॉक-ऑफ प्लेट

हा पत्र्याचा पडदा बसवण्याची एकच वेळ असते आणि ती इन्सर्ट आत जाण्यापूर्वीची. डँपरच्या पातळीवर, लायनरभोवती पूर्ण गळा बंद करणारा हा पत्रा नसेल, तर इन्सर्टच्या माथ्यावरची उष्णता थेट चिमणीच्या पोकळीत चढते आणि विटा तापवत बाहेर जाते. सगळ्या इन्सर्टच्या पुस्तिकांत तो सक्तीचा नसतो, म्हणून घाईत तो गाळला जातो. माझ्या मते वेष्टनाखालोखाल सर्वांत जास्त फरक पाडणारी गोष्ट हीच आहे.

आधी जाड पुठ्ठ्याचा साचा करावा, कारण विटांचा गळा क्वचितच काटकोनी असतो. त्याबरहुकूम साधारण २२ ते २४ गेजचा पत्रा दोन भागांत कापावा. दोन्ही भागांच्या मधल्या कडेला लायनरच्या बाहेरच्या मापापेक्षा पाऊण इंच मोठे अर्धगोल कापावेत आणि बाहेरच्या कडा इंचभर खाली मुडपाव्यात. लायनरच्या दोन बाजूंनी हे भाग सरकवून मुडपलेल्या कडा विटांत बसणाऱ्या मेसनरी स्क्रूंनी विटांना घट्ट कराव्यात. पत्र्याच्या वर मिनरल वूल दाबून भरावे. गुलाबी किंवा पिवळे फायबरग्लास इथे वापरू नये, कारण त्यातला चिकट घटक या उष्णतेत जळून जातो. कडांच्या फटी फर्नेस सिमेंटने किंवा उच्च तापमान सोसणाऱ्या सीलंटने बुजवाव्यात.

लायनर आणि भोक यांमधली फट मात्र सिमेंटने बुजवू नये. तिथे सिरॅमिक फायबरची दोरी खोचावी. लायनरला या भोकातून थोडे वर-खाली सरकता आले पाहिजे, कारण पुढच्या पायरीत त्याला कॉलरमध्ये उतरवायचे आहे. शिवाय तापल्यावर पोलाद वाढते. २५ फूट लांबीचे स्टेनलेस ५०० अंश फॅरनहाइटने तापले तर हिशेबाने सव्वा ते दीड इंचांची वाढ होते. त्यातली काही वळ्यांत जिरते, उरलेलीला वाट हवी.

कॉलरचा सांधा

लायनरच्या खालच्या टोकाला जोडणीचा कडक तुकडा बसतो. त्याला अप्लायन्स कनेक्टर म्हणतात. त्याचे वरचे तोंड लायनरला घट्ट धरते आणि खालचे गुळगुळीत तोंड इन्सर्टच्या कॉलरमध्ये उतरते. दिशा लक्षात ठेवण्याची खूण सोपी आहे: नळीच्या आतून ओघळणारे पाणी किंवा डांबर प्रत्येक सांध्यावर आतच राहिले पाहिजे, बाहेर झिरपता कामा नये. म्हणून वरचा तुकडा नेहमी खालच्याच्या आत. लायनर आणि कनेक्टर यांचा सांधा, लायनर उतरवण्याआधी जमिनीवर असतानाच, पुरा करावा. पुस्तिकेप्रमाणे क्लँप आवळून, स्टेनलेसचे आखूड स्क्रू किंवा रिव्हेट मारून तो पक्का करावा. स्क्रू आखूड असण्याला कारण आहे, आत लांब आलेली टोके पुढे ब्रशला अडकतात.

इन्सर्ट आत सरकवण्यापूर्वी त्याचे दार, विटा आणि माथ्यावरची बॅफल, म्हणजे ज्वाळा थेट नळीत चढू न देणारी पाटी, काढून ठेवावी. वजन कमी होते आणि आतून कॉलरपर्यंत हात पोहोचतो. फायरप्लेसच्या पुढच्या दगडी फरशीवर पातळ पत्रा अंथरून इन्सर्ट सरकवला तर फरशीवर ओरखडे उठत नाहीत. सरकवण्याआधी मोजून ठेवायची दोन मापे आहेत. पहिले म्हणजे लटकणाऱ्या कनेक्टरचे तोंड कॉलरच्या वरच्या कडेपेक्षा किमान अर्धा इंच वर आहे ना, नाही तर इन्सर्ट सरकताना ते चेपले जाईल. दुसरे म्हणजे इन्सर्ट जागेवर गेल्यावर त्याची कॉलर लायनरच्या सरळ खाली येते ना. ती दोन-चार इंच पुढे किंवा मागे येत असेल तर लायनरला बळजबरीने तिरका ओढू नये. त्यासाठी तिरके वळण असलेला कनेक्टर मिळतो आणि तो आधीच मागवावा.

इन्सर्ट जागी गेला की पाणसळ लावून, पायांचे बोल्ट फिरवून तो समपातळीत आणावा. सांधा जुळवण्याचे काम नंतर करावे, कारण समपातळी बदलली की कॉलरची जागाही हलते. मग खालचा माणूस इन्सर्टच्या पोटातून कॉलरमध्ये हात घालून कनेक्टरचे तोंड खाली ओढतो आणि त्याच क्षणी वरचा माणूस तात्पुरता क्लँप सैल करून लायनर खाली सोडतो. फोन कानाशी धरून ठेवण्याऐवजी तो स्पीकरवर ठेवावा, दोघांचेही दोन्ही हात लागतात. कनेक्टर कॉलरमध्ये किमान इंचभर, आणि पुस्तिकेत जास्त सांगितले असेल तर तितका, सर्व बाजूंनी सारखा उतरला पाहिजे. एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला वर असा बसला असेल तर नळी तिरकी आहे असे समजून पुन्हा उचलून बसवावे.

ओढून खाली आणण्याआधी कनेक्टरच्या बाहेरच्या अंगाला फर्नेस सिमेंटचा पातळ थर द्यावा आणि कॉलरची आतली कड ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, म्हणजे सिमेंट धरते. त्यानंतर सारख्या अंतरावर किमान तीन स्टेनलेस स्क्रू मारावेत. बऱ्याच कॉलरना भोके आधीच पाडलेली असतात. नसतील तर ती इन्सर्ट बाहेर असतानाच पाडून घ्यावीत, कारण आतल्या अंधारात उलट्या हाताने बीड छेदणे अवघड आहे. नुसत्या सिमेंटवर कधीही विसंबू नये. ते सुकून भुसभुशीत होते, तापून-निवून तडकते आणि एखाद्या मोसमात गळून पडते. सिमेंट फट बुजवण्यासाठी असते, सांधा धरून ठेवण्याचे काम स्क्रू करतात. चिमणीत आग लागली तर नळी थरथरते आणि हिसके देते. त्या वेळी सांधा सुटला तर आग थेट फायरप्लेसच्या पोकळीत येते.

काही इन्सर्टमध्ये कॉलरपर्यंत आतून हात पोहोचत नाही. त्यांच्यासाठी पुढून ओढायच्या पट्टीने घट्ट होणारे कनेक्टर मिळतात. असा भाग वापरताना तो त्या इन्सर्टच्या उत्पादकाने मान्य केलेला आहे याची खात्री करावी.

वरचे टोक

खालचा सांधा पक्का झाल्यावरच छतावर लायनर अंतिम मापाने कापावा. टाइलच्या वरच्या कडेला उच्च तापमानाच्या सिलिकोनचा जाड पट्टा देऊन त्यावर टॉप प्लेट, म्हणजे धूरमार्गाचे तोंड झाकणारा पत्रा, दाबून बसवतात आणि लायनर प्लेटच्या वर दोन-तीन इंच ठेवून क्लँपने घट्ट करतात. पूर्ण लायनरचे वजन या क्लँपवर लटकले पाहिजे, इन्सर्टच्या कॉलरवर टेकता कामा नये. त्यावर स्टॉर्म कॉलर, म्हणजे लायनरभोवतून पाणी शिरू न देणारी कडी, आणि शेवटी टोपी. कापलेल्या कडा वस्तऱ्यासारख्या धारदार असतात, मोजे काढू नयेत.

उंचीचा नियम असा: चिमणी छतातून जिथे बाहेर पडते तिथून किमान ३ फूट वर आणि १० फुटांच्या आत असलेल्या छताच्या कोणत्याही भागापेक्षा किमान २ फूट वर असावी. चिमणीच्या माथ्यावरचा सिमेंटचा थर तडकलेला असेल तर त्याच दिवशी तो दुरुस्त करावा, कारण तिथून शिरणारे पाणी ब्लँकेट भिजवते आणि भिजलेले ब्लँकेट उष्णता अडवू शकत नाही.

तपासणी, पहिली आग आणि पुढची निगा

इन्सर्टभोवतीची शोभेची चौकट अजून बसवू नये. निरीक्षकाला सांधा आणि ब्लॉक-ऑफ प्लेट दिसली पाहिजे, आणि आपल्यालाही. बॅफल परत जागेवर बसवावी, हे घाईत राहून जाते आणि मग ज्वाळा थेट नळीत चढतात. मग वर्तमानपत्राचे दोन बोळे जाळून ओढ सुरू करावी आणि पेटती उदबत्ती कॉलरच्या सांध्याभोवती हळूहळू फिरवावी. उदबत्तीचा धूर एखाद्या जागी सांध्याकडे खेचला गेला, तर तिथे फट आहे आणि त्या फटीतून थंड हवा नळीत शिरून ओढ कमी करते. अशी जागा आताच बुजवावी.

पहिल्या दोन-तीन आगी लहान ठेवाव्यात आणि खिडक्या उघडाव्यात, कारण नवा रंग तापताना धूर आणि उग्र वास सोडतो. घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर त्या वेळी त्यांना दुसरीकडे ठेवावे. त्याच खोलीत धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू स्थितीत असावा, आणि झोपायच्या खोल्यांजवळही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असावा. ओलावा मोजायचे छोटे यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ओंडका ताजा फोडून आतल्या बाजूला त्याच्या सुया टोचाव्यात, बाहेरची साल कोरडीच दाखवते.

वर्षातून एकदा, उन्हाळा संपायच्या आत, चिमणी तपासून घ्यावी. क्रिओसोटचा थर अष्टमांश इंच झाला असेल तर साफ केल्याशिवाय हिवाळा सुरू करू नये. स्टेनलेस लायनरमध्ये लोखंडी तारांचा ब्रश न वापरता पॉलिप्रॉपिलीनचा वापरावा, कारण लोखंडी तारांनी पडलेल्या ओरखड्यांतून गंज धरतो. ब्रश फिरवण्याआधी बॅफल काढून दार बंद ठेवावे. काजळी उपसून झाल्यावर कॉलरच्या सांध्यात आतून दिवा दाखवून तिन्ही स्क्रू आणि सिमेंटचा कडा पाहावा. सिमेंट गळले असेल तर नवे भरावे, आणि एखादा स्क्रू सैल झाला असेल तर तो आवळल्याशिवाय बॅफल परत बसवू नये.